परत आलेली मनीऑर्डर

खिदिरपूर, कलकत्ता

ती. आईस,

आता कैलासवासी लिहायचं असतं म्हणतात, पण हात धजत नाही. आज इथल्या पोस्टात तुझी मनीऑर्डर परत मिळाली. वर शेरा, 'पैसे घेणारी मयत'. खिडकीतला बाबू म्हणाला, "पैसा वापस आया है, सही कर दीजिए." इतकी वर्षं तुझ्या अंगठ्याची पावती बघणारा मी, आज स्वतःच सही करून तुझे पैसे घेऊन आलो. म्हणून लिहायला बसलोय.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी मला गोदीत कारकुनी लागली. पहिली मनीऑर्डर आली म्हणून तू वाडीभर गूळ वाटलास. पुढे दत्तूलाही मी इकडे बोलावून घेतलं. धाकटाही घर सोडून गेला, तरी तू चकार शब्द काढला नाहीस. का नाही काढलास? एकदा तरी रागवायचंस.

आमचं बघून वाडीतले गडी एकेक करून बाहेर पडले, कोणी मुंबईला, कोणी इकडे. घरांवर कौलं चढली, घरोघर चहा आला. तांदूळ मात्र दुकानातून येऊ लागला. आणि मी एस्प्लनेडला ट्रामची वाट बघत दत्तूला सांगायचो, आपल्यामुळे गाव वर आलं.

यंदा ज्येष्ठात गुरुजींकडून तू पत्र लिहून घेतलंस. "पैसे नको पाठवूस. लावणीला माणूस मिळत नाही. दोघांतला एक तरी ये." जन्मात तू माझ्याकडे मागितलंस ते एवढंच. आणि मी काय केलं? चार पैसे जास्त पाठवले नि खालच्या कुपनावर लिहिलं, "मजूर लाव. रजा नाही. पुढच्या मृगाला नक्की येतो."

मजूर कुठून आणणार होतीस तू? ते इथे मेसमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत होते.

त्या पावतीवर तुझा अंगठा फिका उमटला होता. मी पोस्टमनच्या शाईला दोष दिला. तुला ताप होता, हे काकूने नंतर सांगितलं. "तापातच चिखलात उभी राहायची. नको म्हटलं तर म्हणायची, रोपं थांबतात होय?"

तार मिळून मी पोचलो तेव्हा तुझे दिवस अर्धे सरले होते. अग्नी काकांनी दिला होता. मी खाचरावर गेलो. अर्धं लावलेलं, हिरवंगार. अर्ध्यात नुसतं पाणी. बांधावर रोपांच्या जुड्या पिवळ्या पडल्या होत्या. तुझी शेवटची ओळ कुठे थांबली ते स्पष्ट दिसत होतं. आई, मी तेव्हाही आत उतरलो नाही. लावणी कशी करतात तेच विसरलोय मी. बूट काढून नुसता बांधावर उभा राहिलो.

तार यायच्या आधी पाठवलेल्या या परत आलेल्या मनीऑर्डरीच्या कुपनावरही माझ्या अक्षरात तेच आहे, "पुढच्या मृगाला नक्की येतो." किती कुपनांवर लिहिलं असेल मी हे! तू दर वेळी गुरुजींकडून ते दोनदा वाचून घेत असशील.

येतो, आई. पुढच्या मृगाला येतो, उरलेलं अर्धं लावायला. ते भात रांधणार कोण आणि खाणार कोण, माहीत नाही. विश्वास ठेव, असं कोणत्या तोंडाने म्हणू? एवढंच सांगतो, या वेळी सोबत पैसे नाहीत.

तुझा,
बाळू