पाणी झालं, आता चहा येऊ द्या

१ जानेवारी, सकाळी ६.१०
(गजर पाचचा होता.) यंदाचा संकल्प: जगाची चहायात्रा. आसाम, दार्जिलिंग झालं की श्रीलंका, चीन, जपान, केनिया, तुर्कस्तान, मोरोक्को वगैरे. अकरा देश, पंधरा महिने. आल्यावर पुस्तक. दूध-साखरेचा चहा आजपासून बंद. चहा उकळणं म्हणजे पानांचा छळ, आणि त्या छळाचं मुख्यालय पुण्यात आहे. आईला हे सगळं शांतपणे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझा कप मी घेऊ का?
वाया जाऊ नये म्हणून मीच घेतला. शेवटचा.

६ जानेवारी
एक्सेल शीट तयार. प्रत्येक देशाला वेगळा रंग. हिरवा चीनला दिल्यावर जपानला काय द्यायचं, यात शनिवार-रविवार गेले. पासपोर्ट काढायचा आहे, पण ते किरकोळ काम.
खराडीच्या ऑफिसात फैझलला शीट दाखवली. तो माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, एवढीच त्याची माझ्या आयुष्यातली पात्रता. म्हणाला, खराडीच्या पलीकडे शेवटचा कधी गेला होतास? कात्रजला तुझं घर आहे, ते धरू नकोस.
मत्सर.

२६ जानेवारी
पायलट टूर. लोणी काळभोर. हायवेवर रंगराव नावाच्या गृहस्थांची टपरी. पत्ती कुठल्या बागेतली, असं विचारलं. म्हणाले, दुकानातली हाय. समुद्रसपाटीपासून उंची किती, यावर त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग टपरीच्या छपराकडे पाहिलं.
गुळाचा चहा. उकळलेला. संशोधन म्हणून दोन कप घेतले. तिसरा रंगरावांच्या आग्रहाखातर. आग्रह मीच सुचवला.

९ फेब्रुवारी
आईने चहा-पोह्यांचा कार्यक्रम ठरवला. मुलगी नम्रता, मूळची बुलढाण्याची, एका चहा कंपनीत नोकरी. अकाउंट्स किंवा एचआर असणार, विचारलं नाही. ती रूममेट्सबरोबर राहते, म्हणून कार्यक्रम आमच्याकडे. मला लग्नात रस नाही. मोरोक्कोत बायको कुठे घेऊन फिरू? पण एक कुटुंब तरी सुधारेल म्हणून होकार दिला. अट एकच: चहा मी करणार.

१६ फेब्रुवारी, दुपारी
काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण आई वेगळं सांगते आहे.
व्हाइट टी केला. कोवळी, न उमललेली पानं, पंच्याहत्तर अंश तापमान, थर्मामीटर लावून. रंग जवळपास नाहीच, तीच तर त्याची श्रीमंती. चार कप बाहेर नेऊन ठेवले. नम्रताच्या वडिलांनी, बद्रीनाथकाकांनी, कप उचलला, एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाले, पाणी झालं, आता चहा येऊ द्या.
कोमट पाणी दिलंत ते बरं केलं, घसा धरला होता, असंही म्हणाले.
आई स्वयंपाकघरात पळाली. हसू लपवायला की आधण ठेवायला, ते माहीत नाही. दहा मिनिटांत आलं घातलेला चहा आला. काकांनी बशीत ओतून दोनदा घेतला.
नम्रताने मात्र माझा कप हुंगला, एक घोट घेतला आणि म्हणाली, पानं गेल्या वर्षीची आहेत, डबा उघडा राहिला होता का? अर्धवट माहिती असली की असं होतं. मी तिला ऑक्सिडेशन म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पंचवीस मिनिटं. ती गालात हसत ऐकत होती.
(डबा उघडा राहिला होता. पण तिला कसं कळलं?)

२ मार्च
नम्रताला भेटलो. तिचं काम चहा चाखण्याचं आहे. रोज दोनशे कप. पीत नाही, चाखून थुंकते. आईसमोर हे बोलू नकोस म्हटलं. आसाम, निलगिरी, केनिया पाहून झालंय तिचं. म्हणजे तांत्रिक बाजू तिची, सांस्कृतिक बाजू माझी. मी जपानी चहाविधीबद्दल तासभर बोललो. तिचा चहा गार झाला. वेटरने कप उचलून नेला तेव्हा ती नुसती हसली.
हसताना ती डावीकडे मान कलती करते. हे चहाशी संबंधित नाही, तरी लिहून ठेवतो.

९ मार्च
मला ती आवडते. बस, लिहून टाकलं. एक्सेलमध्ये नवा कॉलम: दोघं.

१३ मार्च
ती ९ एप्रिलला टीमबरोबर श्रीलंकेला चालली आहे. म्हणाली, पंधरा दिवस सुट्टी काढून तूही चल, एकमेकांना बघू, परत आल्यावर घरी काय ते सांगू. पासपोर्ट आहे ना? मी म्हटलं, म्हणजे काय!
फैझलने सांगितलं, आजच्या आज तत्काळमध्ये अर्ज कर. मी म्हटलं, आधी बॅग घेतो.

२१ मार्च
बॅग उत्तम. सतरा कप्पे.
पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला वेळेवर पोचलो. फाइल उघडली, तर कागदपत्रं घरी आणि फाइलमध्ये एक्सेलच्या रंगीत प्रिंट. काउंटरवरच्या बाईंनी अकराही देश मन लावून वाचले आणि विचारलं, आधार कार्ड?
पुढची तारीख ८ एप्रिल. नोकरशाही!

३ एप्रिल
नम्रताला कळवलं की एप्रिलात तिकडच्या पानाला कस नसतो, खरा अभ्यासक सप्टेंबरात जातो. ती म्हणाली, पासपोर्ट नाहीये ना तुझा?
मी विषय बदलला. तुर्की चहावर आलो.
ती म्हणाली, वरद, पासपोर्टचं काही नाही रे, तो निघतो. तू मला अकरा देशांचा चहा सांगितलास. एकदाही विचारलं नाहीस, नम्रता, चहा घेणार का?
उत्तर मुद्देसूद तयार आहे. सकाळी पाठवतो.

८ एप्रिल
अपॉइंटमेंटला गेलो नाही. उत्तराचा सातवा मसुदा चालू होता.

९ एप्रिल
ती गेली.

२० एप्रिल
तिने फोटो टाकला आहे. डोंगर, धुकं, हातात कप, मान डावीकडे कलती. फोटो कोणी काढला असेल? टीम मोठी आहे, कोणीही काढला असेल. एक्सेल उघडून बघत बसलो. श्रीलंकेला मी पिवळा दिला होता. तिथे सगळं हिरवंच आहे.

४ मे
ती गेल्या आठवड्यातच परतली. बद्रीनाथकाकांचा आईला फोन आला होता. मुलगा हुशार आहे, म्हणाले, पण आमच्याकडून थांबू या. आईने हे मला स्वयंपाकघरातूनच, पाठमोरी राहून सांगितलं.

११ मे, संध्याकाळी ५.३०
सातही मसुदे काढून टाकले. तीन शब्द पाठवले: चहा घेणार का?
लगेच उत्तर आलं. झाला घेऊन. तू घे.
आईला हाक मारली, तुला टाकू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, अरे, मी मघाशीच घेतला.
एका कपाचं आधण ठेवलं. दूध, साखर, आलं घालून चांगला उकळला. थर्मामीटर लावला नाही.