काळे झाले नाहीत, काळे उरले

टीचर, तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. चर्चमागच्या दफनभूमीत तुमच्यावर मूठमूठ माती टाकून आम्ही माणिकपूरच्या नाक्यावर चहा प्यायलो होतो आणि तुमच्याच नकला करून हसलो होतो. त्यानंतर रोज तुमची आठवण काढली असं लिहिलं तर तुम्ही चष्म्यावरून बघाल. नाही काढली. पण परवा ऑफिसात एक विधवा आली, नवऱ्याच्या छातीच्या तपासणीचे कागद मागायला, आणि तेव्हापासून तुमची लाल शाई डोळ्यांपुढून हलत नाही.

नववीतला सहामाहीचा पेपर. प्रश्न पतंगांचा. विलायतेत कारखान्यांच्या काजळीनं झाडांची खोडं काळी पडली आणि पांढुरक्या पतंगांऐवजी काळेच दिसायला लागले, ते का? मी झोकात लिहिलं होतं, ‘धुराची सवय होऊन पतंग काळे झाले.’ तुम्ही मला उभं केलंत. “पतंग काय पार्लरमध्ये गेला होता गं, रंग लावून घ्यायला?” वर्ग खिदळला, माझे कान तापले. ‘झाले’ खोडून तुम्ही वर ‘उरले’ लिहिलं होतंत. “काळे आधीपण होते, थोडेसे. काळ्या खोडावर पांढरे उठून दिसले, पक्ष्यांनी टिपले. काळे झाले नाहीत, काळे उरले. आणि उरले म्हटलं की लगेच विचारायचं, बाकीचे गेले कुठे?”

माझा रुसवा काढायला म्हणून की काय, शनिवारी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमच्या स्वयंपाकघरात आपण तांदळाच्या पिठाच्या गोळ्या वळल्या, निम्म्या तशाच, निम्म्या चुलीच्या काजळीत घोळवलेल्या. मग रिक्षानं स्टेशनच्या पूर्वेला, ओतकामाच्या एका कारखान्याच्या काळ्याकुट्ट भिंतीशी. भिंतीवर गोळ्या मांडून आपण पलीकडे उभ्या राहिलो. साळुंक्या आल्या, कावळे आले. तासाभरात पांढरी एकही उरली नाही. काळ्या काही गेल्या, बऱ्याच तशाच होत्या. मी टाळ्या पिटल्या. तुम्ही हसला नाहीत. “टाळ्या कसल्या? जे गेले ते जिवानिशी गेले, हे लक्षात ठेव,” म्हणालात. तेव्हा मला तुम्ही उगाच गंभीर वाटला होतात.

आज मी अशाच एका कारखान्यात कामगारांच्या तपासण्यांचं दप्तर सांभाळते. गेल्या वर्षी वरून विचारणा झाली, धुराचा माणसांना त्रास होतो का? साहेबांनी मला अहवाल लिहायला बसवलं. मी जुन्या कामगारांचे कागद काढले आणि लिहिलं, ‘दहा वर्षांहून अधिक काम केलेल्यांची प्रकृती उत्तम. धूर त्यांच्या अंगवळणी पडला आहे.’ साहेब खूश झाले. आमचा सुपरवायझर म्हणाला, “मेलं कोंबडं आगीला भीत नाही, मॅडम,” आणि मीही हसले. लिहिलेलं खोटं नव्हतं, जुनी माणसं होतीच ठणठणीत. ज्यांचा दम उखडला ते काम सोडून गेले, आणि गेला त्याचं पान मीच रजिस्टरमधून काढते. उरलेल्यांकडे बघून मी धुराला निर्दोष ठरवलं. तुमच्या हाताखाली शिकलेली मी, आणि नववीतलीच चूक पुन्हा केली. मला स्वतःची लाज वाटते.

ती बाई नायगावच्या खाडीकडच्या गावातली. नवरा आमच्याकडे अकरा वर्षं ओतलेले भाग घासून साफ करायचा. दोन वर्षांपूर्वी खोकल्यानं काम सोडलं, या पावसाळ्यात गेला. “त्यान्ला आधी काय पन नव्हता, मॅडम. खाडी पोहून जायचे. तुमच्याकडं छातीचे फोटो काढलेले, तेवढे द्या. वकील बोलला, कागद पायजे.” काम सोडलेल्यांचं काही बाहेर द्यायचं नाही, असं साहेबांनी बजावून ठेवलेलं. मी म्हटलं, कामावर असलेल्यांचेच कागद आम्ही ठेवतो. तिच्या नवऱ्याची फाइल माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. मी तिला पाणी दिलं. ते पिऊन ती पेला हातातच धरून बसून राहिली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुम्ही हयात असतात तरी मी ते टाकलं नसतं. कारण उठताना तिनं मला विचारलं, “सुपरवायझर बोलतो, बाकीच्या जुन्या लोकांना काय नाय झाला. मंग यान्लाच कसा झाला? यांचीच छाती कच्ची आसंल, नाय?”

मी ‘असेल’ म्हटलं, टीचर. उत्तर मला येत होतं.