पट्टी खोटं बोलत नाही

३ मार्च
आईला आता जिना चढवत नाही. खालची खोली माझी. माझं कपाट, माझा पंखा, ती देता येत नाही. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी नवी खोली. चाकांची खुर्ची थेट आत गेली पाहिजे. नकाशा मेहुण्याने काढून दिला. आपण इंजिनियर आहोत हे हा माणूस जेवतानाही विसरू देत नाही. देखरेख मीच करणार.

४ मार्च
नकाशा आहे की चादर! वाऱ्याने सारखा तोंडावर येतो. छोट्या कागदावर झेरॉक्स काढली. खिशात मावते. इंजिनियरला एवढंही सुचू नये?

६ मार्च
झेरॉक्सवर आकडे मुंगीएवढे. पण कोपऱ्यात लिहिलंय, एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा मीटर. मग आकडे हवेत कशाला? पट्टी लावली, गुणाकार केला, खडूने आखून दिलं. गवंडी म्हणाला, साहेब, पट्टी नका लावू, मोठा कागद आणून आकडे वाचा. म्हटलं, पट्टी खोटं बोलत नाही. तो माझ्या रेघेवरच थुंकला. शिसारी आली.

१७ मार्च
भिंती छातीपर्यंत. ही आत उभी राहिली, हात पसरले आणि म्हणाली, आईंनी इथे राहायचं की नुसतं उभं राहायचं? छप्पर नसलं की खोली लहान दिसते. हिला कोण सांगणार? आईने मात्र खिडकीत कुंडी कुठे ठेवायची तेही ठरवलंय. रोज विचारते, झाली का रे?

२ एप्रिल
सुताराने दाराची चौकट भलतीच मोठी आणली. मेहुण्याकडून मोठा नकाशा आणून आकडे वाचले म्हणे. कापायला लावली. सगळे एका माळेचे मणी.

९ एप्रिल
मेहुणा टेप घेऊन आला. दहा फुटांची खोली सात फुटांची निघाली. त्याने नकाशा मागितला. मी खिशातून काढला. तो हसला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, भाऊजी, कागद लहान केलात, पट्टी कुठे लहान झाली?

१० एप्रिल
आईची खुर्ची दारात अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी आणि गवंड्याने मिळून ओढून काढली. आई म्हणाली, असू दे रे, मन लावून बांधलीस. आज पहिल्यांदा स्वतःचीच किळस आली. तासभर टिकली.

११ एप्रिल, दुपारी
आई माझ्या खोलीत. माझा पंखा, माझं कपाट. सोबतीला ही. मी नव्या खोलीत. खाट टाकली तर दार पुरतं उघडेना, आडवा होऊन शिरलो. पट्टी घेऊन बसलो, पुन्हा सगळं मोजलं. झेरॉक्सप्रमाणे तंतोतंत बरोबर आहे.