न्हाणीघरातली काळी फिल्म

अप्पा,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि त्या काळ्या फिल्मबद्दल मी अजून तुमच्याशी खरं बोललेले नाही. आज बोलते. मध्येच थांबवू नका. म्हणजे तशी सोय आता राहिलेली नाही, पण तुमची सवय माहीत आहे म्हणून आधीच सांगून ठेवलं.

आपल्या निर्मळच्या घरात कुठल्याही वस्तूची एका कामावर सुटका नव्हती. आगाशीतला एक फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा केळीच्या दोन लोंगरांच्या बदल्यात तिथला जुना डबा कॅमेरा तुम्ही उचलून आणलात आणि त्या दिवसापासून आईच्या स्वयंपाकघरावर संक्रांत आली. बूट पॉलिशच्या डबीचा तळ कापून, आतून दिव्याची काजळी फासून ती भिंगावर बसवलीत, ऊन आत शिरू नये म्हणून. आजी गेल्यावर तिच्या चष्म्याची एक काच काढलीत, कारण ती पुढे चिकटवली की जवळची वस्तू स्पष्ट येते. मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा जिलेटिन कागद आकाश गडद यावं म्हणून, चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद सावलीतल्या चेहऱ्यावर उजेड पाडायला, आणि उशीच्या अभ्र्यात वाळू भरून केलेली ती जड गादी कॅमेरा टेकवायला. फिल्म आणि फोटोचा कागद एकमेकांवर दाबून धरायला काच हवी होती, तर तुम्ही देव्हाऱ्यातल्या तसबिरीची काच काढलीत. आई म्हणाली, "देवाला उघडं टाकलंत, आता मना तरी सोडा." तुम्ही तिला सोडलं नाहीत. दुसऱ्याच दिवशी तिचे दोन इनॅमलचे थाळे न्हाणीघरात गेले ते परत आलेच नाहीत. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत तिचं जुनं लुगडं, आत मिट्ट काळोख आणि त्या काळोखात फिल्मची दोन टोकं धरून ती धुवायच्या औषधातून वरखाली झुलवणारे तुम्ही. मी दाराबाहेर बसून मोठ्यांदा अंक मोजायचे. एक ते सहाशे. घड्याळ आत दिसत नाही, म्हणून मुलगी हेच घड्याळ. मला तेव्हा त्या सगळ्याची लाज वाटायची. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी येतो म्हणाल्या की मी काहीतरी कारण काढायचे.

मग तुमच्या डोक्यात विहीर शिरली. शेजारच्या वाडीतले धाकटे काका, तुमचे सख्खे भाऊ, स्टेशनकडे उठणाऱ्या नव्या इमारतींसाठी टँकरवाल्यांना पाणी द्यायला लागले होते. त्यांच्या विहिरीवर दिवसभर इंजिन धडधडायचं आणि आपल्या विहिरीतलं पाणी उतरायचं. एरवी मे महिन्यातसुद्धा वाडीतल्या बावखलात, त्या लहानशा तळ्यात, पाणी असायचं. त्या वर्षी होळीलाच त्याचा तळ दिसला आणि बेडूक कुठे गेले कळलं नाही. तुम्ही एका बांबूला वीत वीत अंतरावर चुना आणि गेरूचे पट्टे ओढलेत, तो विहिरीत उभा केलात आणि दर पंधरा दिवसांनी आत उतरून तो सरळ करून आजीच्या काचेतून त्याचा फोटो घ्यायला लागलात. देवळाजवळच्या पारावर तुम्ही ते फोटो ओळीने मांडायचात. प्रत्येक फोटोत पाण्यावरचे पट्टे वाढलेले. तालुक्याचे साहेब एकदा ते पाहून म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी उतरतंच हो." तेव्हा तुम्ही ठरवलंत की आता टँकरांचेच फोटो काढायचे, दिवसाला किती येतात आणि कुठल्या विहिरीतून भरतात ते दिसेल असे, आणि सोमवारी गावाच्या सभेत साहेबांपुढे ठेवायचे.

पण पारावर बोललेलं पारावर राहत नाही. गुरुवारी दुपारी टँकरवाल्यांकडचा एक माणूस आला. मोटारसायकल बाहेर लावली, चपला ओट्याखाली नीट जोडीने काढून ठेवल्या, आईला नमस्कार केला. इतका नम्र माणूस आपल्या घरी त्याआधी कधी आला नव्हता. तुमचं सामान त्याने एकेक करून हातात घेतलं. पॉलिशची डबी डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "काय अप्पा, डबडी-झाकणं घेऊन बसलाय. आपल्याला सांगा ना, नवीन सामान पाठवतो. कंपनीचं." तुम्ही म्हणालात, "मना याची सवय हाय." तो म्हणाला, "मग आमचा पण एक काढा की." आणि तुम्ही काढलात, अप्पा! ओट्यावर त्याला बसवलंत, मला चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा धरायला लावलंत. त्याच्या गालावर मी ऊन पाडत होते आणि तो डोळे न मिटता बोलत होता. "ऐकलं ते खरं का, तुम्ही स्वतः विहिरीत उतरता? या वयात? जपा हां. दगडांवर शेवाळ असतं. आमच्या ओळखीत एक असाच गेला, दोन दिवस कोणाला पत्ता नाय." तो गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, "अप्पा, हा धमकी देऊन गेला." तुम्ही कॅमेरा पुसत होतात. "जपा म्हणाला. जपा म्हणणं वाईट हाय काय?" तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, की मी घाबरू नये म्हणून तसं म्हणालात, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

शनिवारी पहाटे उजाडता उजाडता मी तगरीची फुलं काढायला वाडीत गेले. तुमचा बांबू सरळ करायचा दिवस होता. विहिरीच्या आतल्या भिंतीत उतरायला जे दगड बसवलेले आहेत, त्यातले वरचे तीन काळे चमकत होते. मला आधी ओल वाटली. वाकून बोट लावलं तर तेल. इंजिनाचं, जाड, वापरलेलं तेल. आपल्या विहिरीवर विजेची मोटर, तिथे हे तेल यायचं काहीच कारण नव्हतं. ते दुसरीकडे कुठेही सांडलेलं नव्हतं, काठावर नाही, गवतावर नाही. नेमकं जिथे तुमचं पाऊल पडतं तिथेच. मी चुलीतली राख आणली, नारळाच्या सोडणाने ते दगड घासले, तीन वेळा घासले आणि वर माती चोळली. तासाभराने तुम्ही गुणगुणत त्याच दगडांवरून उतरलात. मी काठावर उभी राहून तुमचं एकेक पाऊल मोजत होते. तुम्ही खालून ओरडलात, "बाय, आणि एक वीत गेली!" कोणी लावलं ते तेल, मला माहीत नाही. धाकट्या काकांचं नाव मी तेव्हाही घेतलं नाही, आजही घेणार नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या तेलाचाही फोटो काढला असतात, एवढं मात्र मला नक्की माहीत होतं.

त्याच दुपारी तुम्ही केळींच्या आड वाळूची गादी मांडून आठ फोटो घेतलेत. आठ टँकर, त्यांचे पाइप, काकांची विहीर, सगळं एका रोलमध्ये. संध्याकाळी तुम्ही इतके खुशीत होतात की आईच्या आमटीला चक्क चांगलं म्हणालात. रोल तिखटाच्या रिकाम्या डब्यात ठेवलात. रविवारी सकाळी तुम्ही फुलं द्यायला आगाशीला गेलात, आई देवळात गेली. मी तो डबा उघडला.

मी मागच्या अंगणात, भर उन्हात उभी आहे. रोलवरची कागदी पट्टी नखाने सोडवते. काळा कागद उलगडत जातो आणि आतून फिल्म निघते, दुधाळ, करडी, गुळगुळीत. तिच्यात आठ टँकर आहेत आणि एकही दिसत नाही. धुण्याआधी ऊन लागलं की फिल्म सगळी काळी होते, हे मला माहीत आहे. मी ती हातभर ताणून धरते, आधी एक बाजू, मग दुसरी, पापड वाळत घालताना उलटावा तशी. मग पुन्हा घट्ट गुंडाळते आणि पट्टी भाताच्या शिताने चिकटवते. तुम्ही ती काळोखात फाडणार, तुम्हाला शीत दिसणार नाही, हासुद्धा विचार मी केला होता. इतकी थंड डोक्याची मी पुन्हा आयुष्यात कधी झाले नाही.

दुपारी तुम्ही न्हाणीघरात गेलात. "मोज ग," म्हणालात. मी मोजलं. एक ते सहाशे, एकही अंक न चुकवता, आत काही उमटणार नाही हे माहीत असताना. चारशेच्या सुमारास तुम्ही आतून म्हणालात, "आज तुझा आवाज का असा?" मी म्हटलं, "घसा बसलाय." तुम्ही बाहेर आलात तेव्हा हातात फिल्म निथळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुट्ट. तुम्ही ती उन्हापुढे धरलीत. मग परत आत गेलात, दार लावून घेतलंत आणि काळोखात उभे राहून कुठे उजेडाची रेघ दिसते का ते शोधत राहिलात. आई दोनदा जेवायला बोलवून गेली.

सोमवारी सभेत तुम्ही रिकाम्या हाताने उठून उभे राहिलात. सगळ्यांना तुम्ही शब्द दिला होता. "फोटो आले नाय," तुम्ही म्हणालात. "चूक माझी हाय. माझ्या सामानाची हाय." धाकटे काका मोठ्यांदा म्हणाले, "डबड्यांनी फोटो निघाले असते तर कंपन्या कशाला काढल्या असत्या?" आणि माणसं हसली. आपली माणसं, ज्यांच्या विहिरी पुढच्या दोन वर्षांत समुद्राचं पाणी शिरून खाऱ्या झाल्या तीच. मी बायकांच्या मागे बसले होते. तो नम्र माणूस दाराशी उभा होता, तो हसला नाही. त्याने फक्त तुमच्याकडे पाहून मान डोलावली, चांगलं काम केलंत अशी. तेव्हा मला कळलं की तुम्ही आता जगणार. त्याच क्षणी तुम्ही खाली बसलात, बसताना भिंतीला हात लावून. त्याआधी तुम्ही बसताना कधी भिंत धरली नव्हती.

घरी येऊन तुम्ही सगळं सुटं केलंत. काच तसबिरीत गेली, वाळू अंगणात, थाळे आईने घेतले नाहीत म्हणून कोंबड्यांना. कॅमेरा कुठे गेला ते तुम्ही सांगितलं नाहीत. आपल्या केळींची पानं कडेने जळायला लागली, मग खोडं बारीक झाली, मग तुम्ही नारळ तेवढे ठेवलेत. टँकर पुढच्या गावांकडे सरकले. तुम्ही त्यानंतर सतरा वर्षं जगलात. मी ती सतरा वर्षं मनात मोठ्या अभिमानाने मिरवली, कारण ती मी तुम्हाला दिली होती. पण त्या वर्षांत तुम्ही घरात साधी कडीसुद्धा स्वतः दुरुस्त केली नाहीत. "माझ्या हाताचं काय खरं नाय," म्हणायचात आणि सुताराला बोलवायचात. सुतार कडी उलटी बसवून जायचा.

हा कागद मी घडी घालून साड्यांखाली ठेवणार आहे. कोणाला दाखवायचा नाही. फक्त शेवटचं एक राहिलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा, जायच्या आदल्या आठवड्यात, मी तुम्हाला पेज भरवत होते आणि तुम्ही एकाएकी विचारलंत, "बाय, त्या दिवशी उजेड कुठून आला असेल ग?" मी म्हटलं, "कौलांतून असेल, अप्पा." तुम्ही वर कौलांकडे पाहिलंत. मग म्हणालात, "कौलं त्या वर्षी मीच शाकारली होती." आणि तोंड मिटून घेतलंत, चमचा पुढे केला तरी उघडलं नाहीत. तेव्हा काका वारलेले होते, विहीर खारी होऊन कित्येक वर्षं लोटली होती, तुमच्या जिवाला कोणाकडून काही धोका उरला नव्हता. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुम्ही माझ्याकडे कसं बघाल याची मला भीती वाटली, एवढंच. रोल मी तुमच्यासाठी उन्हात धरला, अप्पा. कौलांचं मात्र मी माझ्यासाठी सांगितलं.