दातार मागे का सरकतात

३ सप्टेंबर २००६, रविवार

माफ कर, पाच महिने तुला उघडलं नाही. बँकेतलं ऑडिट, इराच्या परीक्षा — कारणं नेहमीचीच. आज लिहितेय, कारण हे कुणाशी बोलले तर चहाडी होईल.

इथल्या मराठी मंडळाचं दिवाळीचं नाटक यंदा मी बसवतेय. आणि त्यात वडिलांचं काम पद्माकर दातार करणार! तीस वर्षं सिनेमात, मालिकांत नायिकेचे वडील, डॉक्टर, जज्ज. नाव कुणाला आठवत नाही, चेहरा सगळ्यांना माहीत. माझ्या ऑफिसातल्या चैत्रालीचे वडील. मायदेशाहून इथं तिच्याकडे राहायला आलेत. काम त्यांनीच मागितलं म्हणे. चैत्राली म्हणाली, "बाबांना जरा सांभाळून घे हं."

एवढ्या मुरलेल्या नटाला सांभाळायचं काय? आमच्या हौशी नाटकात त्यांना हवंय तरी काय?

९ सप्टेंबर

पहिली तालीम, आमच्या कॉन्डोच्या सोसायटी हॉलमध्ये. दातारांना सगळं नाटक पाठ — इतरांची वाक्यंसुद्धा! पण दर प्रवेशात ते हळूच दोन पावलं मागे सरकतात. मग त्यांच्याशी बोलायला रुचिरला — तो मुलगा झालाय — वळावं लागतं. त्याची पाठ प्रेक्षकांकडे, यांचा चेहरा समोर. सीन खाणं म्हणतात ते हेच!

"काका, थोडं पुढे या ना."

"हो हो," म्हणाले, गोड हसले. पुढच्या वेळी पुन्हा मागे.

१० सप्टेंबर

इरा फुरंगटलीय. लिफ्टमध्ये त्यांच्या मागे उभी राहून दोनदा 'हॅलो अंकल' म्हणाली. मग घरी येऊन, इथल्या शाळेतल्या इंग्रजीत : "ही डिडन्ट इव्हन टर्न अराउंड, लाह!" घमेंड, दुसरं काय.

१६ सप्टेंबर

रुचिर भडकला. जुरोंग आयलंडच्या कारखान्यातून कंपनीची बस पकडून थेट तालमीला येतो बिचारा. "ताई, आईला डीव्हीडी पाठवायचीय. तिला काय नुसती माझी पाठ दाखवू? न्हाव्याला पाठवतो त्यापेक्षा!"

सगळे हसले. दातारही हसले — जरा उशिरा.

संजीव जेवताना म्हणाला, "काढून टाक त्यांना. मी करतो बाप. घरी करतोच की."

मला हेवा वाटतोय का? स्वतःला दहादा विचारलं. पण ते रुचिरच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाहीत, चुका टिपत असल्यासारखी. पुढच्या शनिवारी स्पष्ट सांगायचं : थांबा.

२३ सप्टेंबर

सांगायचं राहिलं. आज वीज जाण्याचा प्रवेश घेतला. मी दिवे घालवले.

अंधारात रुचिर म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडली."

उत्तर नाही.

पुन्हा म्हणाला. मग ओरडून. कुणीतरी फिदीफिदी हसलं. मी दिवे लावले. रुचिर बाजूला सरकला होता, आणि दातार अजून त्याच्या आधीच्या जागेकडे बघत होते. घाबरलेले. उजेड येताच नजर गेली ती रुचिरच्या ओठांवर.

ओठांवर! इतके दिवस मला वाटलं, सीन खातायत.

२४ सप्टेंबर

सकाळी एकटेच आले. माझ्या तोंडावर उजेड पडेल अशी खुर्ची फिरवून बसले.

"दोन वर्षं झाली. कानात मशीन दिसलं की कामाचे फोन बंद. समोर नट असला की निभतं. पण क्लोजअपला समोर कुणी नसतं, असिस्टंट कॅमेऱ्यामागून वाक्य वाचतो. जानेवारीत सिनेमा आहे. म्हटलं, इथं, सिनेमातलं कुणी नाही तिथं, बघावं. तुमच्या नाटकात जमलं तर घेतो. नाहीतर संपलं."

"रुचिरला सांगू?"

"नको. प्लीज."

अंधाराचा प्रवेश गाळला तर ती फसवणूक. दुसरी खूण दिली तरी फसवणूकच का? सिनेमात कोण देणार? कळत नाही.

उद्या : रुचिरला फोन — अंधारात वाक्य संपलं की बाबांच्या खांद्यावर हात ठेव. कारण विचारलं तर म्हणायचं, मुलगा आहेस.