दीड हाताचा कठडा

सर, तुमच्या वह्या आता कुणालाही बघता येतात. मोबाइलवर बोट टेकवलं की जांबोटीकडच्या त्या सहा विहिरींची पाणीपातळी पानापानानं उघडते. आपण दर महिन्याला टेप सोडून मोजलेली, काही तुमच्या अक्षरात, काही आम्हा दोघा विद्यार्थ्यांच्या. फुकट. ना कुणाची परवानगी, ना कुणाच्या दारात ताटकळणं. हे काम लोंढ्यानं केलं. तुम्ही आम्हाला गावाच्या नावानं हाक मारायचा, तो लोंढा आणि मी वडगाव, आणि माझ्या डोक्यात त्याचं अजून तेच नाव आहे. आता तो मोठ्या संस्थेत आहे. संशोधनाचा डेटा कपाटात कुजत ठेवू नये, सगळ्यांना खुला करावा, यावर भाषणं देतो आणि दर भाषणात तुमचं नाव पहिलं घेतो. लोक टाळ्या वाजवतात. मी बेळगावच्या कॉलेजात तुमच्याच विषयाचे तास घेते, दोन तासांच्या मधे बसून त्याचं भाषण ऐकते, आणि जळते. तुमच्यापुढं आडवळण कशाला घेऊ? चांगली कोळसा होईपर्यंत जळते.

ही जळजळ जुनी आहे, तुम्हाला माहीत होती. पहिल्या वर्षाची गोष्ट. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तुम्ही तांबड्या ऑइलपेंटचा एक ठिपका दिला होता. टेप सोडायचा तो त्या ठिपक्यापासूनच. आणि मोजून झाल्यावर विहिरीवर जो कोणी असेल त्याला आकडा सांगितल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हा तुमचा नियम. पाणी भरायला आलेल्या बाया आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, पुढं पुढं स्वतःच विचारायला लागल्या, 'किती आलं?' त्या दिवशी आपण वाडीच्या विहिरीवर आहोत. लोंढा उशिरा पोचलाय, मागचे आकडे उतरवून घ्यायला माझ्या वहीत डोकावतोय, आणि मी पानावर हात ठेवते. 'स्वतः मोज की रं,' म्हणते. तुम्ही टेप गुंडाळता गुंडाळता थांबता.

'हात काढ, वडगाव. विहीर वाडीची, पानी जमिनीचं, टेप कॉलेजचा. ह्यात तुजं काय हाय सांग बघू? अक्षर तेवढं तुजं.'

विहिरीला लागून ज्यांचं घर, त्या आक्का ताकाचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, त्या खदखदून हसल्या. मी हात काढला. राग मात्र जपून ठेवला.

मग तुमचे गुडघे गेले आणि लोंढा पुढच्या शिक्षणाला बाहेर गेला. सहा विहिरी माझ्या एकटीवर आल्या. सकाळी घरातले माग सुरू व्हायच्या आत वडगावातून निघायचं, चार वाजताची परतीची बस धरायची; ती चुकली की दुसऱ्या दिवसाशिवाय बस नाही. एकटीनं जायचा पहिला रविवार होता तो. वाडीच्या विहिरीवर गेले तर कठडा नवा. वासरू आत पडलं होतं म्हणून वाडीनं चार जणांच्या वर्गणीतून तो वाढवून घेतलेला, वर ओला गिलावा, तुमचा ठिपका त्याच्या आत गाडलेला. नव्या कडेवरून टेप सोडला, आकडा लिहिला. कठडा किती वाढला तेही मोजून शेजारी लिहायचं, एवढं शहाणपण मला होतं. तेवढ्यात खालच्या वळणावर हॉर्न वाजला आणि मी पळाले.

बसमध्ये ठरवलं, सरांना सांगायचं. तुमच्या घरी आले तर स्वयंपाकघरात लोंढा बसलेला, सुट्टीला आला होता. काकू त्याच्या ताटात गरम तांदळाची भाकरी टाकताहेत आणि तुम्ही त्याला म्हणताय, 'आपली वडगाव आज एकटी गेलती बघ.' मग माझ्याकडं वळून, 'समदं नीट?' मी म्हटलं, 'नीट सर.' त्याच्यासमोर मला चुकायचं नव्हतं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. पुढच्या महिन्यात मागच्या महिन्याचीही लाज वाटायला लागली, आणि असं करत मी तीन वर्षं त्या नव्या कडेवरून मोजत राहिले.

वह्या तुम्ही त्याच स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर ठेवायचा, पावसाळ्यात कागदाला बुरशी धरू नये म्हणून. शेवटच्या आजारपणात त्या तुम्ही खाली काढायला लावल्या, तेव्हा मला वाटलं, आता माझ्या हातात येणार. तीन वर्षं ऊन नाही, पाऊस नाही, कुणी पायपीट केली होती? तुम्ही गठ्ठा लोंढ्याकडं सरकवला आणि मला तुमचं भिंग दिलंत, दगड बघायचं. माझं तोंड बघून म्हणालात, 'तू जपशील गं, लई जपशील. पर तो वाटंल.' त्या वेळी हा मला अपमान वाटला. खरं सांगायचं तर अजूनही वाटतो.

आणि त्यानं वाटलंच. सगळी पानं स्कॅन करून टाकली, आकड्यांचे तक्ते केले, खाली मोजणाऱ्यांच्या नावांत माझंही नाव घातलं. त्या नावाचासुद्धा मला राग आला, कारण ते घालून तो आणखी मोठा झाला. मग मी वाडीच्या विहिरीचा तक्ता उघडला. पाच विहिरींच्या रेषा वर्षभर खालीवर होतात आणि जागेवर येतात. ह्या एकीची रेषा एका महिन्यात धाडकन उतरते आणि मग पुन्हा जुन्या उंचीला येतच नाही. शेजारी लोंढ्यानं लिहिलंय की त्याच सुमाराला वरच्या माळावर निलगिरी लावली गेली, कदाचित त्याचा हा परिणाम. त्यानं मला मेलही केला होता: त्या वर्षी तू जात होतीस, काही वेगळं घडल्याचं आठवतं का? मी उत्तर दिलं, आठवत नाही. आणि सर, लाज सांगते, ते लिहिताना मला गोड वाटलं. एवढा मोठा विद्वान, आणि माझ्या दीड हाताच्या कठड्यावर घसरला.

वरच्या माळावरची निलगिरी आक्कांची, हे मला माहीत होतं. तुमच्या खुल्या वह्या वाडीतल्या पोरांच्या मोबाइलवरही खुल्या होतात, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लोंढ्याचं 'कदाचित' वाटेतच गळून पडलं. परवाच्या रविवारी गेले तर आक्का एकट्याच पायरीवर बसलेल्या.

'माज्या झाडांनी वाडीचं पानी पिलं म्हनत्यात गं. हळदी-कुंकवाला बी बोलवंनात. सरांच्याच वहीत लिवलंय म्हनत्यात. सर असं लिवतील व्हय?'

मी तशीच वळले. विहिरीवर गेले. कठड्याचा गिलावा एका कोपऱ्यात फुटून गळला होता, आणि आतल्या जुन्या दगडावर तुमचा ठिपका तसाच, थोडा विटलेला. त्याच्यापासून वरच्या कडेपर्यंत मोजलं. आक्का मागं येऊन उभ्या होत्या.

'किती आलं?'

तुमचा नियम. आकडा सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

'दीड हात,' मी म्हटलं. 'तुमच्या झाडांनी न्हाय, आक्का. कठडा वाढला तेवढंच पाणी खाली गेल्यागत दिसलं. मोजणीत राहून गेलंय.' कुणाकडून राहून गेलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मग अशा काही मोठ्यानं शेजारणींना हाका मारायला लागल्या की चारी घरं गोळा झाली. प्रत्येकीला ठिपका दाखवेपर्यंत चारची बस गेली. मी त्या रात्री आक्कांकडंच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी लोंढ्याला मेल केला. कठड्याचा आणि ठिपक्याचा फोटो जोडला, कठडा केव्हा वाढवला तेही लिहिलं. तासाभरात त्यानं आपली चूक असल्यासारखी माफी मागून दुरुस्ती टाकली, आक्कांच्या घरी स्वतः फोन केला, निलगिरीचं वाक्य काढलं. हा माणूस असाच आहे, सर. तुम्ही बरोबर ओळखलं होतं, आणि तेच मला सहन होत नाही.

तुम्हाला हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. मेलमध्ये मी लिहिलं, 'काल गेले तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं.' त्यानं विश्वास ठेवला. आता त्या तक्त्याखाली, जगात कुणालाही वाचता येईल असं, माझ्या नावापुढं छापलंय: 'यांच्या बारीक नजरेमुळे ही चूक सापडली.' सकाळपासून ते चार वेळा उघडून वाचलं, सर. बरं वाटलं.