सोबतीची अट

सालेकसा,
२४ जून २०१७

प्रिय अल्काताई,

परवा तुझा फोन आला. आचलला दहावीत चौऱ्याऐंशी टक्के पडले हे तू आधी सांगितलंस, मग पेढे कुणाकुणाकडे पाठवले ते, आणि अगदी शेवटी, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, की तिला आता दोन वर्षं घरीच ठेवायचं ठरलंय. राजदीप नववीत गेला, तो दहावी झाला की दोघं भाऊबहीण सोबतच गोंदियाला अकरावीला जातील. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ खरं नव्हतं. फोनवर मला खरं बोलता येत नाही, तुला माहीत आहे. समोरचा गप्प झाला की मी लगेच पावसापाण्याचं विचारायला लागतो. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मध्येच चुलीकडे उठू नको.

इथं शाळा उघडायला दोन दिवस आहेत. आभाळ भरून आलंय आणि कचारगडाकडचे डोंगर सकाळपासून इतके पुसट दिसतात की आहेत की नाहीत असं वाटावं. दुपारी खाटेवर पडलो, डोळा लागला, आणि नेहमीचंच स्वप्न पडलं. कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या शेतांमधल्या धुऱ्यावरून आपण दोघं शाळेत निघालोय. दोन्ही बाजूंच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, धानाची रोपं अजून बोटभरच. तू पुढे, हातात उघडं पुस्तक. चालता चालता वाचतेस आणि मी मागून ऐकतो. शब्द कळत नाहीत, नुसता तुझा आवाज येत राहतो. मग शाळा येते आणि तू थांबत नाहीस. वाचत वाचत पुढे निघून जातेस, मी फाटकाशी उभा राहतो. दरवेळी इथंच जाग येते, आणि आपण किती वर्षांचे आहोत हे थोडा वेळ कळत नाही.

पुस्तक मात्र खरंच एक होतं. तू आठ वर्षांची होईपर्यंत बाबांनी तुला शाळेत घातलं नाही, कारण मी सहाचा व्हायचा होतो. लहान पोर शाळेत रडलं तर सांभाळायला कुणी हवं ना. हजेरीपटावर तू विद्यार्थिनी होतीस, खरी होतीस माझी राखणदार. माझं नाक पुसायचं, माझी चप्पल शोधायची, मला मारणाऱ्या पोरांना दम द्यायचा, आणि उरलेल्या वेळात वर्गात पहिलं यायचं. एवढं सगळं तू कसं जमवायचीस देव जाणे. घरी तू भांडी घासत असताना मी पुस्तक धरून समोर बसायचो आणि तू मान वर न करता ‘पान उलट’ म्हणायचीस. काही धडे मला अजून राखेच्या वासासकट आठवतात. गावात कुणी हसलं नाही याला, कारण दोन घरं सोडून राहणारी शामकलाही तशीच तिच्या भावाच्या वर्गात होती. पोरीला शाळेत पाठवायची ती रीतच होती आपल्याकडे, भावाच्या दप्तराबरोबर.

नव्याण्णव सालची दहावी तुला आठवते. तुला एकाहत्तर टक्के. गावातल्या कुठल्याच मुलीला तोवर एवढे पडले नव्हते. हेडमास्तर घरी आले, विहारात तुझं नाव घेतलं गेलं, आईनं डोळे पुसले. मी गणितात नापास, दीडशेपैकी एकोणीस. बाबांनी परीक्षेच्या आधीच सांगून ठेवलं होतं, दोघं पास झाले तं दोघंबी जातील गोंदियाले, पोरगी एकटी काऊन जाईल? तेव्हा तू थांबलीस. रडलीस का ते मला माहीत नाही, मी तेव्हा तुझ्याकडे बघत नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून तू मला गणित शिकवायला बसलीस. धानाच्या रोवणीहून यायचीस, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, आणि त्या बोटांनी त्रिकोण काढायचीस. ऑक्टोबरमध्ये मला एकशे चार मिळाले. माझ्यापेक्षा तुलाच जास्त आनंद झाला. माझ्या शिकवणीनं पास झाला म्हणून गावभर सांगत फिरलीस. आणि पुढच्या जूनमध्ये आपण दोघं गोंदियाला जाणार होतो, त्याआधी मे महिन्यातच तुझं लग्न झालं. मी एकटाच गेलो. मुलगा होतो, मला कुणाची सोबत लागली नाही.

तुझ्या सासरी येतो तेव्हा मला तुमच्या बिरसीची बांधी फार आवडते. शेजारच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं तिथं गोल गोल फिरत असतात. मागच्या रोवणीत तू वाकलेली होतीस आणि विमान आधी तुझ्या पायाजवळच्या पाण्यात उमटलं. रोपांच्या मधून हळूच सरकत गेलं. तू वर पाहिलं नाहीस. आचलनं पाहिलं. कमरेवर हात ठेवून ती इतका वेळ बघत राहिली की भाटव्यांनी आपल्या पोरीला हाक मारली. ती काय बघत होती ते मी विचारलं नाही. मला मात्र त्या पाण्यात तू दिसलीस, अठरा वर्षांची.

भाटव्यांवर माझा राग नाही. पोरीवर त्यांचा जीव आहे, संध्याकाळच्या बसची त्यांना काळजी वाटते, आणि सोबत हा शब्द ऐकायला किती मायेचा आहे. तू स्वतः हो म्हणालीस याचं मात्र नवल वाटलं. मग उमगलं, तू अजूनही तेच मानतेस जे तेव्हा मानलं होतंस. भावाला वेळ लागला, बहीण थांबली, त्यात वाईट काय. माझ्यामुळेच तू तसं मानतेस, म्हणून आता पुढचं लिहायलाच हवं.

ताई, मी नापास झालो नव्हतो. मी नापास व्हायचं ठरवलं होतं. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपरांना मला जवळजवळ सगळी गणितं येत होती. दोन-दोन सोडवली आणि पेपर पालथे करून ठेवले. आदल्या आठवड्यात हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते की अश्विन बहिणीचं बोट धरून मॅट्रिकपर्यंत आला, आता कॉलेजलाही जाईल. सगळे हसले, तूही हसलीस. माझं जळत होतं. बाबांची अट मला पाठ होती. वाटलं, एक वर्ष हिलाही घरी बसू दे. एकच वर्ष. त्या वर्षात तुझं लग्न होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि तू मला जे गणित शिकवलंस ते मला येत होतं, रोज, तुझ्या समोर बसून मी चुकायचं नाटक करत होतो. त्याच गणितावर आज मला पगार मिळतो. अठरा वर्षं हे सांगायचं राहिलं. तुला राग येईल, आलाच पाहिजे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण राजदीपच्या हातात आचलचं आयुष्य देऊ नकोस, तो कितीही गुणी असला तरी. तीन जुलैला सोमवारी सकाळी दहा वाजता मी गोंदियाला कॉलेजच्या ऑफिससमोर उभा असेन. आचलला पाठव. एकटीला पाठव.

तुझाच,
अश्विन